साजाआधी जाहिरात घरी: इंटरनेटवर आपलं आपल्यापाशी ठेवायला कुठून सुरुवात करायची

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून बायकोला कोल्हापुरी साज करायचं मनात होतं. गुजरीत, म्हणजे आमच्या सोनारांच्या बाजारात, जाऊन भाव विचारला असता तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती; आमच्या पेठेत तशी सोयच आहे. म्हणून डोकं चालवलं आणि रात्री फोनवरच साज बघत बसलो. एकवीस पानांचा, त्याहून कमी पानांचा, वजन किती, घडणावळ किती. तिसऱ्या दिवशी ती घरच्या टॅबवर पांढऱ्या रश्श्याची कृती वाचत होती. खसखस किती, खोबरं किती, आणि दर दोन ओळींमागं एक साज. वर न बघताच म्हणाली, "अहो, साज कुणाला करताय?"

मी कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी नवख्यांना संगणक आणि मोबाइल शिकवतो. शिकवणाऱ्याचीच ही गत तर शिकणाऱ्यांचं काय, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या यंत्रांच्या सेटिंग्ज नीट लावल्या आणि तेव्हापासून वर्गात हा धडा अगदी सुरुवातीला घेतो. तोच इथं लिहितोय. फोन अँड्रॉइड आहे असं धरलंय, कारण वर्गात बहुतेकांच्या हातात तोच असतो. मेन्यूंची नावं फोनच्या कंपनीप्रमाणं आणि आवृत्तीप्रमाणं थोडी इकडंतिकडं होतात. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या बाजूला शोधायची पट्टी असते, तिच्यात नाव टाका.

आधी ठरवा, लपवायचं कुणापासून

वर्गात हमखास येणारा प्रश्न: "सर, कुठलं व्हीपीएन घेऊ?" (व्हीपीएन म्हणजे नेटवरची ये-जा आडोशानं नेणारं ॲप, त्याचं पुढं येईलच.) मी उलट विचारतो, "कुणापासून लपवायचंय?" मग शांतता.

बघणारे साधारण चार प्रकारचे असतात. एक, तोच फोन किंवा संगणक हाताळणारी माणसं: घरचे, ऑफिसातले, झेरॉक्सच्या दुकानातले. दोन, जाहिरातवाले. तीन, नेट पुरवणारा, म्हणजे मोबाइल कंपनी, केबलवाला, लॉजचं वायफाय. चार, सरळसरळ चोर. या चौघांना चार वेगळी कुलपं लागतात आणि एकाचं कुलूप दुसऱ्याच्या दाराला बसत नाही. इन्कॉग्निटो, म्हणजे मागं इतिहास न ठेवणारी, खिडकी उघडून जाहिरातवाल्यापासून सुटलो असं समजणं, किंवा महिन्याला पैसे भरून व्हीपीएन घेणं आणि पासवर्ड मात्र मुलाची जन्मतारीख ठेवणं, हे म्हणजे पुढच्या दाराला तीन कड्या आणि परसदार सताड उघडं.

(जाता जाता: "सर, सायबर चौकात या विषयाचा क्लास असतो का?" असं एका बाहेरगावच्या मुलानं मला गंभीरपणे विचारलं होतं. त्या चौकाचा इंटरनेटशी काही संबंध नाही. तिथल्या छत्रपती शाहूंच्या नावाच्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडलंय, आणि संस्था १९७६ सालची आहे. तेव्हा कोल्हापुरात इंटरनेट कुठलं असायला.)

साज टॅबवर आला कसा

अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. दर्शन करून आलात की बिल्ला बघून स्टँडवाला तुमचीच जोडी काढून देतो. कुकी म्हणजे हा बिल्ला. वेबसाइट तो तुमच्या ब्राउझरात (क्रोमसारख्या, वेबसाइट उघडायच्या ॲपमध्ये) ठेवते, म्हणून एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं तरी लॉग-इन टिकतं आणि खरेदीची टोपली रिकामी होत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. त्यात वावगं काही नाही.

घोळ दुसऱ्याच बिल्ल्याचा आहे. समजा स्टँडवर चपला देताना शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी तुमच्या खिशात गुपचूप आपला एक बिल्ला टाकला. तुम्ही रंकाळ्यावर भेळ खायला गेलात, तिथं त्याचाच माणूस उभा. बिल्ला बघितला, वहीत टिपला. मिसळीच्या हॉटेलात त्याचाच माणूस. हाडाच्या डॉक्टरांच्या दारात त्याचाच माणूस. तुमचं नाव त्याला ठाऊक नसेलही, पण हा बिल्ला देवळात गेला, भेळ खाल्ली, मग गुडघा दाखवायला गेला, एवढं वहीत उतरलं. याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. दागिन्यांच्या दुकानाच्या पानात एका जाहिरात कंपनीचा बारीकसा कोड बसलेला असतो, पाककृतीच्या पानातही तिचाच बसलेला असतो, आणि मधली वही तिच्याकडं.

पण मी बघितलं फोनवर, आणि दिसलं टॅबवर. त्याचं कारण अगदी साधं निघालं: दोन्हीकडं माझंच गूगल खातं चालू होतं. खातं एक असलं की कुकी कुठल्या यंत्रात आहे याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय घरच्या वायफायवरची सगळी यंत्रं बाहेर बहुतेकदा एकाच आयपी पत्त्यानं, म्हणजे नेटवरच्या एकाच घर-नंबरानं, दिसतात, तेवढ्यावरूनही ही एका घरातली असावीत असा अंदाज बांधता येतो.

पहिलं काम: ब्राउझर

वेळ थोडा असेल तर एवढं एकच काम करा. बाकीचं पुढच्या रविवारी.

अँड्रॉइड फोनवर बहुतेकदा क्रोम आधीपासून बसवलेला असतो. तो वेगवान आहे, सुरक्षेच्या बाबतीतही चांगला आहे, पण तो ज्या गूगलचा आहे तिची मुख्य कमाई जाहिरातींची. ॲपलच्या सफारीनं थर्ड-पार्टी कुकी मार्च २०२० पासून सरसकट अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायची सोय संगणकावर सगळ्यांसाठी लागू केली, मग ती अँड्रॉइडवरही आली, म्हणजे एका दुकानातला बिल्ला दुसऱ्या दुकानात कुणाला वाचताच येत नाही. क्रोमनं २०२० मध्ये या कुकी दोन वर्षांत बंद करू म्हणून जाहीर केलं, मग तारखा पुढं ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. म्हणून क्रोमवाल्यांनी ही कुकी आपल्या हातानं बंद करायची.

माझा सल्ला फायरफॉक्सचा आहे. त्यामागं कारण एकच: फोनवरचा क्रोम एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे पुरवणी प्रोग्रॅम, घेत नाही, फायरफॉक्स घेतो. (फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची मोठी कमाईही गूगलला शोधयंत्र म्हणून आधीपासून बसवण्याच्या करारातून येते, हेही सांगून ठेवतो. या धंद्यात धुतल्या तांदळाचं कुणी नाही.)

१. प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स घ्या. नावाखाली मोझिला लिहिलेलं आहे ना, ते बघा. सारख्या दिसणाऱ्या चिन्हांची ॲप्स बरीच असतात.

२. तीन टिंबांच्या मेन्यूतून सेटिंग्जमध्ये जा. तिथं 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' उघडा आणि 'स्टँडर्ड'च्या जागी 'स्ट्रिक्ट' निवडा.

३. त्याच सेटिंग्जमध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' चालू करा. पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होतो तेव्हा तुमच्यात आणि साइटमध्ये जे बोलणं होतं ते मधल्या कुणाला वाचता येत नाही. हा मोड चालू असला की तसं बोलणं शक्य नसेल तिथं ब्राउझर आधी थांबून विचारतो.

४. मेन्यूतल्या 'एक्स्टेन्शन्स'मध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' शोधून घ्या. नावातला 'ओरिजिन' शब्द महत्त्वाचा. नुसत्या 'यूब्लॉक' नावाचं एक्स्टेन्शन वेगळं आहे. हे ओरिजिन रेमंड हिल नावाचे गृहस्थ फुकट सांभाळतात, देणगीसुद्धा घेत नाहीत. ते जाहिराती आणि पाळत ठेवणारा कोड पान उघडायच्या आधीच गाळून टाकतं, त्यामुळं पान हलकं होतं आणि नेटही कमी जळतं. आमच्या वर्गातल्या एका मावशींना खासगीपणाचं काही सोयरसुतक नव्हतं. "बातमी वाचताना मधीच व्हिडिओ वाजत नाही" एवढ्यावर त्या खूश आहेत.

५. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन ब्राउझर म्हणून फायरफॉक्स निवडा. हे राहिलं की व्हॉट्सॲपवर आलेली लिंक परत क्रोममध्येच उघडते आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

कधीतरी एखादं पान अर्धवट उघडेल, बटण दाबलं जाणार नाही. भरतीचे फॉर्म आणि पैसे भरायची पानं याला विशेष लाडावलेली. तेव्हा यूब्लॉक किंवा पत्त्याच्या पट्टीतलं फायरफॉक्सचं ढालीचं चिन्ह उघडून फक्त त्या साइटपुरतं बंद करा. वैतागून सगळंच काढून टाकू नका, माझ्या वर्गातली निम्मी माणसं तेच करतात.

ज्यांना क्रोमच ठेवायचाय त्यांनी: सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'थर्ड-पार्टी कुकीज', 'ब्लॉक'. काही फोनांत हे 'साइट सेटिंग्ज'मध्ये असतं. तिथंच 'ॲड प्रायव्हसी' दिसत असेल तर आतली सगळी बटणं बंद करा, आणि 'ऑलवेज यूज सिक्योर कनेक्शन्स' चालू करा. संगणकावरच्या क्रोममध्ये पूर्वीचा यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, कारण गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले. त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, पण ती नावाप्रमाणंच हलकी आहे. क्रोमसारखाच दिसणारा आणि अडवायची सोय आतच असलेला ब्राउझर हवा असेल तर ब्रेव्ह आहे.

शोधयंत्र बदलायचं असेल तर डकडकगो चांगलं आहे. तुम्ही काय शोधलंत याची तुमच्या नावावर वही ठेवत नाही. पण खरं सांगायचं तर मराठीत शोधायला मला अजून गूगलच बरं वाटतं. इंग्रजी शोध डकडकगोवर आणि मराठी गूगलवर अशी वाटणी मी केलीय.

एक तक्रार इथंच. कुठलंही बातमीचं पान उघडलं की वरून एक चौकोन उतरतो, 'नोटिफिकेशन पाठवू का?', आणि आपली माणसं सवयीनं 'अलाऊ' दाबतात. मग दिवसभर फोन टिणटिणत राहतो, आणि त्यातल्या काही नोटिफिकेशन 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असल्या थापांच्या असतात. ब्राउझरच्या 'साइट सेटिंग्ज' किंवा 'साइट परमिशन्स'मध्ये 'नोटिफिकेशन्स' कायमचं बंद करून टाका. आत जुन्या परवानग्यांची यादी दिसेल, ती बघून थक्क व्हाल.

दुसरं काम: गूगल खातं आणि फोन

टॅबवरचा साज इथं थांबतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल', तिथून खातं, तिथून 'डेटा अँड प्रायव्हसी'. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी', 'टाइमलाइन' आणि 'यूट्यूब हिस्टरी' या तीन वह्या दिसतील. पूर्ण बंद करा किंवा 'ऑटो-डिलीट' लावा. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात, त्यातला ३ घ्या. जुन्या खात्यांत हे आपोआप लागलेलं असेलच असं नाही. २०२० च्या जूनपासून ते फक्त नव्या खात्यांना लागू झालं. मग 'माय ॲड सेंटर' उघडून 'पर्सनलाइज्ड ॲड्स' बंद करा. जाहिराती यायच्या थांबणार नाहीत, पण त्या तुमच्या मनातल्या साजाच्या नसतील.

त्यानंतर फोनच्या सेटिंग्जच्या पट्टीत 'ॲड्स' टाका आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' करा. हा फोनला चिकटवलेला एक नंबर असतो. ॲप्समध्ये कुकी चालत नाहीत, तिथं बिल्ल्याचं काम हा नंबर करतो. घरच्या सगळ्या फोनांवर दोन मिनिटांत होणारं काम.

'परमिशन मॅनेजर' मात्र चहा घेऊन निवांत बसून बघायचं. टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? कॅलेंडरला माइक कशाला? लोकेशन ज्याला खरंच लागतं त्याला 'व्हाइल यूजिंग द ॲप' एवढंच द्या. अँड्रॉइड १२ पासून 'प्रिसाइज लोकेशन' वेगळं बंद करता येतं. हवामानाच्या ॲपला तुम्ही कोल्हापुरात आहात एवढं पुरे, मंगळवार पेठेतल्या कुठल्या बोळात आहात ते नको.

आयफोनवाल्यांना थोडक्यात: 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'ट्रॅकिंग', तिथलं 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना, एवढं बघा. बाकी लोकेशनचं वर सांगितलं तसंच.

इन्कॉग्निटोचा खरा उपयोग

काळी खिडकी, टोपी-चष्म्याचं चित्र. बघून वाटतं आपण अदृश्य झालो. ही खिडकी एवढंच करते: बंद केली की त्या बैठकीतला इतिहास, कुकी आणि फॉर्ममध्ये भरलेलं यंत्रावरून पुसलं जातं. म्हणजे हे कुलूप पहिल्या प्रकारच्या बघणाऱ्यांसाठी. साइटला तुमचा आयपी पत्ता दिसतोच, नेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठं गेलात ते कळतंच, आणि आत जाऊन खात्यात लॉग-इन केलंत तर टोपी-चष्मा स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलात. खुद्द गूगलवर यावरून अमेरिकेत खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोतल्या वापराच्या जमवलेल्या नोंदी नष्ट करायचं कंपनीनं मान्य केलं.

मी साज इन्कॉग्निटोमध्ये, खात्यात न शिरता बघितला असता तर बहुधा निभावलं असतं. साज शेवटी गुजरीतूनच घेतला. रोख पैसे, पिशवी शर्टाच्या आत. तरी चुलतभावाचा फोन माझ्याआधी घरी.

नेट पुरवणारा आणि त्याचे कान

एचटीटीपीएस असलं की मोबाइल कंपनीला किंवा केबलवाल्याला तुम्ही काय वाचताय ते दिसत नाही, पण कुठल्या साइटच्या दारात गेलात ते दिसतं. दवाखान्याची साइट उघडली हे कळतं, आतलं कुठल्या आजाराचं पान वाचलं ते कळत नाही.

ते दार कळायचं एक मोठं कारण म्हणजे डीएनएस. साइटचं नाव टाकलं की ब्राउझर आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? हा प्रश्न साधारणपणे उघड्यावर विचारला जातो. बिंदू चौकात उभं राहून मोठ्यानं पत्ता विचारावा तसा. आपल्याकडं तर पत्ता सांगणारा सोबत चालत येतो आणि "कुणाकडं जायचंय, काय काम काढलंय" तेही विचारून घेतो. तोच प्रश्न कानात विचारायची सोय अँड्रॉइड ९ पासून प्रत्येक फोनात आहे आणि जवळजवळ कुणीच वापरत नाही.

सेटिंग्जच्या पट्टीत 'प्रायव्हेट डीएनएस' टाका. (सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स', मग 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'.) तिथं 'प्रायव्हेट डीएनएस प्रोव्हायडर होस्टनेम' निवडा आणि रिकाम्या चौकटीत हे रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा: डीएनएस, टिंब, क्वाड, इंग्रजी नऊचा आकडा, टिंब, नेट. ही क्वाड९ नावाची स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे. फसवणुकीच्या म्हणून माहीत असलेल्या साइटचा पत्ता ती सांगतच नाही, म्हणजे चोरापासूनही थोडी राखण. ॲप्समधल्या जाहिरातीसुद्धा गाळायच्या असतील तर त्याऐवजी: डीएनएस, टिंब, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. आईच्या फोनवर मी हे दुसरं लावलंय. तिच्या पत्त्यांच्या खेळातल्या बऱ्याचशा जाहिराती गेल्या. कसं केलं ते सांगायला गेलो तर म्हणाली, "तू राहू दे, चालतंय न्हवं."

अडचण एकच. लॉज किंवा कॉलेजच्या वायफायवर आधी लॉग-इनचं पान यावं लागतं, ते कधीकधी यामुळं येत नाही. तेव्हा तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, लॉग-इन झाल्यावर परत लावा. आणि यानं सगळंच झाकलं जातं असंही नाही. पत्ता कानात विचारला तरी रिक्षा कुठल्या दारात थांबली ते रस्त्यावरच्याला दिसतं. साइटशी जोडणी सुरू होताना तिचं नाव बहुतेकदा अजूनही उघडं जातं.

आता व्हीपीएन. ते तुमची सगळी वाहतूक एका बोगद्यातून आपल्या सर्व्हरवर, म्हणजे आपल्या मोठ्या संगणकावर, नेतं आणि तिथून बाहेर सोडतं. नेट पुरवणाऱ्याला फक्त बोगद्याचं तोंड दिसतं. पण बोगद्याच्या पलीकडं बसलेल्या व्हीपीएन कंपनीला ते सगळं दिसतं जे आधी नेटवाल्याला दिसत होतं. म्हणजे तुम्ही विश्वास हलवलात, गरज संपवली नाही. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी म्हणून बसवत होते आणि फेसबुक त्यातून बघत होतं की लोक कुठली ॲप्स किती वापरतात. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते काढायला लागलं, पुढच्या वर्षी बंदच झालं. आपल्याकडं सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी; त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

घरी बसून बातम्या वाचायला, यूट्यूब बघायला व्हीपीएनची गरज मला वाटत नाही. परगावी लॉजच्या वायफायवर काम करावं लागत असेल तर ठेवा. फुकटच हवं असेल तर प्रोटॉनसारखं घ्या, ज्यांचा खर्च पैसे भरणारे ग्राहक उचलतात. पाच कोटी डाउनलोड आणि कंपनीचा पत्ता कुठंच नाही, असलं काही नको. काही बँकांची ॲप्स व्हीपीएन चालू असताना उघडत नाहीत. तेव्हा बंद करा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टॉर ब्राउझर याच्याही पुढची पायरी, तीन बोगदे एकामागोमाग. पत्रकारांना, बातमी फोडणाऱ्यांना त्याचं मोल आहे. नवख्यांनी सध्या नाव ऐकून ठेवावं.

झालं का काम, ते कसं बघायचं

अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचं 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावाचं पान आहे. शोधून उघडा, मधलं बटण दाबा, अर्ध्या मिनिटात ते सांगतं की तुमचा ब्राउझर पाळत अडवतो का. खाली 'फिंगरप्रिंट'बद्दलही लिहून येतं. कुकी नसली तरी पडद्याचं माप, फॉन्ट, भाषा, वेळेचा पट्टा असल्या बारीकसारीक गोष्टी जुळवून ब्राउझर ओळखता येतो. चप्पल बघितली नाही तरी चालण्यावरून माणूस ओळखावा तसा. याच संस्थेनं २०१० मध्ये केलेल्या पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव निघाले होते. म्हणून दहा-बारा एक्स्टेन्शन लादू नका. जितकी सजावट जास्त, तितके तुम्ही गर्दीत उठून दिसता. यूब्लॉक ओरिजिन एक पुरे.

झेरॉक्सच्या दुकानात

वरचं सगळं करून झाल्यावर माणूस काय करतो? हॉलतिकीट काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकावर मेल उघडतो, आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघतो. मेल तिथं उघडीच. मी स्वतः हे केलंय. रात्री घरी आल्यावर आठवलं, तोवर दुकान बंद. दुकानदार भला माणूस होता म्हणून काही झालं नाही.

दुकानातल्या संगणकावर मात्र इन्कॉग्निटो खिडकी उघडाच, तिची खरी जागा ही. पासवर्ड 'सेव्ह' करायचं विचारलं तर नाही म्हणा. काम झाल्यावर लॉग-आउट करा आणि मग सगळ्या काळ्या खिडक्या बंद करा. एक गोष्ट हमखास राहते: डाउनलोड केलेली फाइल. इन्कॉग्निटो ती पुसत नाही. 'डाउनलोड्स' फोल्डरमधून ती काढा, मग रिसायकल बिनमधूनही काढा. तिथं गेलात की आधीच्या दहा जणांचे सातबारे आणि मार्कशीट पडलेल्या दिसतील. तुमचीही फाइल उद्याचा माणूस अशीच बघणार असतो.

आधारची प्रत द्यायचीच असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथं पूर्ण नंबर लागतो तिथं नाइलाज, पण लॉजवर खोली घ्यायला तो लागत नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि दोन्ही गोष्टी त्याच दुकानात भरलेल्या फॉर्मवर लिहिलेल्या असतात.

पासवर्डचं दोन ओळींत: प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायचं काम माणसाचं नाही. बिटवॉर्डन नावाचं पासवर्ड साठवायचं ॲप फुकट आहे, ते ठेवेल. तुम्ही एकच लांबलचक वाक्य पाठ करा. मेलला आणि व्हॉट्सॲपला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे आणखी एक खात्री मागणारी सोय, आजच लावा, कारण मेल गेली की बाकी सगळ्याचे पासवर्ड तिच्यातूनच बदलता येतात.

दुकानात काही उघडं राहिलं असं रात्री अकराला आठवलं तर धावत जायची गरज नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, अनोळखी संगणक दिसला की त्यावर बोट ठेवून 'लॉग आउट'. गूगल खात्यात 'सिक्युरिटी', मग 'युअर डिव्हायसेस', तिथून 'साइन आउट', आणि लगोलग पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर मात्र सकाळची वाट बघू नका, तेव्हाच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. फोन लावायच्या आधी व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ कागदावर उतरवून घ्या; ते पहिल्यांदा तेच विचारतात.